बैलाची उष्टी वैरण

केवळाबाईला घाणीचा भारी तिटकारा. निलंग्याकडच्या त्या गावात, भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरांच्या रांगेत, तिच्याइतकं झाडझूड करणारी दुसरी बाई नव्हती. नेमका तिच्याच गोठ्यात जनावरांचा लम्पी रोग शिरला.

आधी बैलाच्या मानेवर, पोटाखाली गाठी आल्या. मग त्या फुटल्या. पू वाहू लागला, तोंडातून चिकट लाळ लोंबू लागली, आणि माश्या इतक्या बसल्या की पांढरा बैल काळा दिसावा. शी! केवळाबाई नाकाला पदर लावून आत जायची आणि बाहेर येऊन ओकायची. तिला बैलाची दया यायची, पण त्याआधी किळस यायची. नवरा दगडोबा मात्र लिंबाची डहाळी घेऊन दिवसभर माश्या हाकत बसे.

तिचा सगळा जीव देवणी जातीच्या कालवडीत अडकला होता. पहिल्यांदाच गाभण राहिलेली, हाक मारली की मान वळवणारी. लातूरला क्लाससाठी राहिलेल्या नातीनं, शिवांगीनं, फोनवर बजावलं, “आजी, माश्यांनी पसरतंय ते, लाळेनं पण. कालवड लांब बांध.”

“बांधली की गं, पार बांधाच्या कडंला. साबणानं हात धुते, मगच तिकडं जाते.”

ते खरंच होतं. तरी एके सकाळी कालवडीच्या मानेवर हाताला लिंबोळीएवढी गाठ लागली. केवळाबाई तडक दगडोबावर घसरली.

“तुमीच गेला असाल तिकडं, ती घाण डहाळी घिऊन!”

“म्या कशाला जाऊ? बैलापासून हाललो बी न्हाई. तिला वैरण तर तूच टाकतीस.”

वैरण! या घरात सासूच्या आधीपासूनची रीत होती. कडबा पहिल्यांदा बैलापुढं टाकायचा आणि त्यानं सोडलेला गायीपुढं. बैलाचं खाणं तुटल्यापासून उष्टा कडबा ढिगानं उरत होता. केवळाबाई साबणानं स्वच्छ हात धुवायची आणि त्याच हातांनी तो कडबा कवळ भरून कालवडीला नेऊन घालायची. उष्टं वाया घालवू नये, एवढंच तिला माहीत.

ती गव्हाणीशी गेली आणि कडब्याचं एक ताट उचललं. लाळेची तार सुटली. पानं पिवळट बुळबुळीत झाली होती. तिनं कडबा झटकला तशा त्यातून माश्या भणभणत उठल्या आणि तिच्या मनगटावर बसल्या. रोज छातीशी धरून तिनं हेच नेलं होतं. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली. राख घेऊन तिनं ते कातडी सोलवटेस्तोवर घासले.

आठवडा भरायच्या आत कालवड गाभडली.

दगडोबानं ते अर्धवट वाढलेलं वासरू बांधाला पुरलं, अंघोळ केली आणि जेवून उठला. ताटात कुरतडलेली भाकरी आणि बोटांनी चिवडलेलं पिठलं उरलं होतं. लग्न होऊन आल्यापासून केवळाबाई त्याच ताटात वाढून घेत होती. सवयीनं ती बसली. भाकरीच्या कडेला त्याचे दात उमटले होते, पिठल्यात ओली बोटं.

“जेव की,” दगडोबा म्हणाला.

“किळस यायलीय,” ती म्हणाली, आणि उठून तिनं फळीवरचं धुतलेलं ताट काढलं.