प्रश्नचिन्हाच्या पुढचं

काष्टीची मंडळी धनश्रीला बघायला आली तेव्हा मुलानं तिच्याकडे दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तो हसला. मुलाचं नाव वैजनाथ. शुगर फॅक्टरीत केमिस्ट. तेवढ्या हसण्यावर धनश्रीनं मनातल्या मनात बराच संसार थाटला. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पुढच्याच आठवड्यात वैजनाथचं खर्ड्याच्या जयाशी ठरलं, आणि तिथं कुणी पत्रिका मागितलीसुद्धा नव्हती.

ही बातमी तिला कानिफनाथनं दिली, तीही पेढा पुढे करून.

"घ्या ताई. आपल्याच ऑफिसातनं जमलं. झुंबरबाईची जया."

ऑफिस म्हणजे जामखेडचं आबासाहेबांचं वधूवर मंडळ. दोन्ही स्थळं तिथूनच गेली होती. धनश्रीनं दोन वर्षांपूर्वी त्यांची वेबसाइट बांधून दिली आणि तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा देखभालीला यायची. तिचं स्वतःचं नावही तिथंच नोंदलेलं. एरवी ऑफिसात कानिफनाथ एकटा असायचा. पन्नाशी उलटलेला, डाव्या पायानं अधू, दोन बोटांनी बायोडाटा टाइप करणारा. ती त्याला मामा म्हणायची. संगणकाचं त्याला भलतं कौतुक होतं. एकदा त्यानं विचारलं, "ताई, वर पत्त्याच्या पट्टीत ते प्रश्नचिन्ह कशापायी येतं?" तिनं समजावून सांगितलं होतं : प्रश्नचिन्हाच्या आधी दुकानाचा पत्ता, पुढे आपली मागणी. तिथं mulgi=212 असलं की दोनशे बारा नंबरची मुलगी समोर येते. आकडा बदलला की मुलगी बदलते. तेव्हापासून तो शोधाची चौकट न वापरता मोठ्या ऐटीत आकडाच बदलायचा.

त्या मागणीत आणखी एक शब्द घालता यायचा, तो मात्र तिनं त्याला सांगितला नव्हता.

प्रत्येक मुलीच्या माहितीखाली एक ऑफिस टीप असायची. आईबाप जे जगाला सांगत नाहीत ते आबासाहेब चहा पाजून काढून घेत, आणि कानिफनाथ ते टाइप करी. ही टीप पासवर्ड टाकल्याशिवाय दिसायची नाही. पण साइट बांधताना घडीघडी पासवर्ड टाकायचा कंटाळा येऊन धनश्रीनं एक चोरवाट ठेवली होती. पत्त्याच्या शेवटी &tip=1 लिहिलं की टीप उघडायची, कुणाच्याही मोबाईलवर. काम संपलं की काढू, असं तिनं ठरवलं होतं. काम संपलं, ते राहून गेलं.

आजवर तिला स्वतःचा नंबर टाकून बघायचा धीर झाला नव्हता. त्या दिवशी पेढा तोंडात असतानाच तिनं टाकला.

"रंग काळा. शिक्षण जास्त, त्यामुळे तोंडाळ. बाप ऐकून घेतो. वय वाढतंय. बिजवर चालेल."

पेढा गिळायला तिला पाणी लागलं. मग तिनं आकडा बदलून जयाचा २१२ केला.

"लहानपणी फिट यायची. दहाव्या वर्षापासून बंद. आईनं विश्वासानं सांगितलं. स्थळाला सांगू नये."

"मामा, चहा सांगता का?" ती म्हणाली. "आलं घालून."

"सांगतो कशाला, मीच आनतो. तो पोऱ्या पानी वततो नुसतं." कानिफनाथ कठड्याला धरून जिना उतरू लागला. त्याला खाली जाऊन यायला दहा मिनिटं लागायची, हे तिला माहीत होतं.

ऑफिसचा मोबाईल टेबलावरच होता. तिनं वैजनाथच्या नंबरावर तो पत्ता पाठवला, प्रश्नचिन्ह आणि त्यापुढच्या सगळ्या शेपटासकट. खाली एक अक्षर लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या तशी तिनं ऑफिसच्या मोबाईलवरून तो निरोप पुसून टाकला. कानिफनाथ वर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर चहा सांडलेला होता. तिनं चहा प्याला. चांगला होता.

सुपारी फुटलेली, हळदीची तारीख धरलेली. चौथ्या दिवशी काष्टीहून फोन आला आणि लग्न मोडलं. वैजनाथच्या घरच्यांनी झुंबरबाईला फसवी म्हटलं, जयाला झटकेवाली म्हटलं.

धनश्रीनं धरलेला हिशोब एवढाच होता. पण वैजनाथच्या भावानं नुसतं वाचून सोडलं नाही. त्यानं २१२ च्या जागी २१३ टाकून पाहिलं. मग २१४. मग एकपासून सुरुवात केली. आठवड्याच्या आत चारशे मुलींच्या टिपांचे फोटो श्रीगोंद्यापासून जामखेडपर्यंत मोबाईलमोबाईलवर फिरत होते. कुणाच्या बहिणीनं पळून जाऊन लग्न केलेलं, कुणाचा गर्भ पडलेला, कुणाच्या अंगावर कोड. धनश्री साबण घ्यायला गेली तर दुकानातले दोघे तिच्याकडे बघून एकमेकांना म्हणाले, "बिजवर चालंल," आणि दात काढून हसले. तिनं सुटे पैसेही मोजून घेतले नाहीत.

ती चोरवाट तिनं त्याच दुपारी बंद केली. एक ओळ खोडायची होती, मिनिटभर लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसखाली माणसं जमली. आबासाहेबांनी धनश्रीला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"निरोप आपल्याच मोबाईलवरनं गेलाय. वैजनाथनं दाखवला मला. वेळ दुपारची. पन पासवर्डाबिगर ती टीप उघडायची कशी, हे कुनाला ठाव होतं?"

"पत्त्यात थोडा बदल केला की उघडायची," ती म्हणाली. "चूक होती ती. आता दुरुस्त केलीय."

"कानिफला जमंल का ते?"

दार अर्धं उघडं होतं. बाहेर कानिफनाथ खुर्चीवर पाय लांब करून बसला होता आणि आपल्याला कधी बोलावतील याची वाट बघत होता. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"जमेल की," धनश्री म्हणाली. "पत्त्यातले आकडे बदलायला मीच शिकवलं त्यांना. विचारा हवं तर."

आबासाहेबांनी बाहेर येऊन, जिना चढून आलेल्या लोकांसमोरच विचारलं.

"कानिफ, पत्त्यात आकडा बदलून पोरी बघतोस का तू?"

"व्हय, बघतो की," कानिफनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "ताईंनी शिकवलंय."

पुढचं त्याला कुणी बोलूच दिलं नाही. पहिली थप्पड कुणाची पडली ते धनश्रीला कळलं नाही. त्याला जिन्यावरून खाली ओढला तेव्हा अधू पाय कठड्यात अडकला, आणि ओढणाऱ्यांनी तरीही ओढलं. झुंबरबाई गर्दीतून पुढे आली. पायातली चप्पल काढून तिनं त्याच्या तोंडावर मारली. मारताना ती रडत होती आणि मारायची थांबत नव्हती.

"माझ्या लेकीनं काय घोडं मारलं हुतं रं तुझं? काय?"

"म्या न्हाई, आक्का," तो म्हणत होता. "म्या न्हाई. ताईंना इचारा. ताई, सांगा की वं!"

माणसांनी वर पाहिलं. धनश्री खिडकीत उभी होती. तिनं ओढणी तोंडाला लावली आणि ती मागे सरकली. लोकांना वाटलं, पोरीला बघवेना.

आबासाहेबांनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं आणि फळ्यावर माफी लिहून लावली. लोकांचा राग एका माणसावर निघाला, त्यामुळे मंडळ बुडालं नाही. उलट आबासाहेब धनश्रीला म्हणाले, "तू वेळेवर सांगितलंस म्हनून वाचलो. पोरगी हुशार हाय."

जयाला महिन्याच्या आत करमाळ्याकडच्या एका बिजवराला दिली. दोन मुलांचा बाप, पहिली बायको कशानं गेली ते कुणी विचारलं नाही. झुंबरबाईनं धनश्रीला अगत्यानं बोलावलं. "खरं बोलनारी तू एकटीच निघालीस गं बाई," असं म्हणून तिनं तिची ओटी भरली. जया शेजारीच बसली होती. तिनं धनश्रीचा हात धरून हळूच विचारलं, "ताई, ते आता कुनाला दिसत न्हाई ना? तिकडच्या लेकरांनी मोठं झाल्यावर शोधलं तर?"

"साइटवर नाही दिसत," धनश्री म्हणाली.

टिपांचे फोटो चारशे मोबाईलवर होते की चार हजार, हे तिनं सांगितलं नाही. जयानं तिचा हात आणखी घट्ट धरला.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. धनश्री तहसीलजवळच्या दुकानात चार्जर घ्यायला गेली होती. रस्त्याकडेला एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडी, पेंढ्या, शेरडं आणि माणसं. कानिफनाथची बायको लंकाबाई त्यात कोयत्याला फडकं गुंडाळत होती. लग्नानंतरची चार वर्षं सोडली तर ती कधी तोडीला गेली नव्हती. कानिफनाथ पेंढीवर बसला होता. त्याला ऊस तोडता येणार नव्हता, तो फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायला चालला होता. त्याचा वरचा एक दात गेला होता.

त्यानंच आधी तिला ओळखलं.

"ताई!" त्यानं हात वर केला. "बरं झालं दिसलात."

तिला जवळ जावंच लागलं.

"ताई, तुमाला तर ठाव हाय," तो वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला. "म्या नंबर बदलायचो, पन पासवर्डाबिगर टीप कशी उघडत्यात ते मला कुठं येतंय? तुमी साहेबांना समजावून सांगा एकदा. तुमचं ऐकत्यात ते. आमी चैतात माघारी येतो, तवर सांगा."

लंकाबाईनं कोयता खाली ठेवला आणि ती धनश्रीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बघते," धनश्री म्हणाली.

"लई उपकार हुतील." तो हसला तेव्हा पडलेल्या दाताची जागा दिसली. "जेवलात का?"

"हो."

मुकादमानं शिट्टी मारली. ट्रॅक्टर धूर सोडत हलला आणि कानिफनाथ ट्रॉलीची कड धरून तिच्याकडे बघत हात हलवत राहिला. वळण येईपर्यंत धनश्रीनंही हात हलवला. मग ती दुकानात शिरली आणि तिनं विचारलं, "लांब वायरचा आहे का?"