नदीपलीकडचं इन्सुलिन

त्या ऑक्टोबरात एल्डन फार झोपायचा. माझा नवरा म्हणजे उभी हयात कागदाच्या गिरणीत काढलेला माणूस. तो आता खिडकीपाशी बसल्या बसल्या पेंगायचा. जागा झाला की घटाघटा पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "आर्डिस, आई होडी वल्हवत होती गं. दोन्हीकडे पाण्यात उगवलेला रानतांदूळ वाऱ्यावर हलत होता. मी हाका मारत होतो, पण ती मागे वळेचना."

मला वाटायचं, गिरणीतलं काम सुटलं, आता कधीच्या गेलेल्या आईची स्वप्नं पडायला सवड मिळाली. बाहेर नदीवर धुकं उतरलेलं असायचं. पलीकडचा कॅनडा त्यात विरघळून जायचा. त्या ओल्या, पांढुरक्या उजेडात त्याचं बोलणं ऐकत मी विणत बसायचे.

एका दुपारी त्याची बहीण मावीस मासे घेऊन आली. त्याच्याकडे बघतच राहिली. तिचा नवरा साखरेच्याच आजाराने गेलेला.

"एल्डन, सुई घेतोयस ना?"

"घेतो की."

"पुरी?"

तो नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "निम्मी."

माझ्या हातातली विणकामाची सुई तशीच थांबली. "कधीपासून?"

"विमा गेला तेव्हापासून. गिरणीबरोबरच गेला ना तो. एका बाटलीत आपला महिन्याचा किराणा जातो, आर्डिस. आणि तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय अजून."

"माझा गुडघा गेला खड्ड्यात!" मी ओरडले, आणि मग मला रडू फुटलं.

मावीस शांतपणे म्हणाली, "पलीकडे तीच बाटली दहाव्या हिश्श्यात मिळते. अर्धं गाव जातं."

"शेजाऱ्याच्या दारात वाडगं घेऊन उभा राहू काय मी?"

"वाडगं कसलं रे? पैसे मोजून घ्यायचंय. त्यांच्या तळ्यातले मासे पळवताना बरी लाज वाटत नाही तुला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवरच्या पुलावर गेलो. धुकं इतकं दाट की गाडी चालतेय की तरंगतेय, कळेना. एल्डन शेजारी झोपला होता, ओठ हलत होते. सीमेच्या चौकीवरच्या माणसाने विचारलं, "कशाला आलात?" मी म्हटलं, "औषधाला." त्याने एल्डनकडे एकदा पाहिलं आणि हात हलवून जायला सांगितलं.

पलीकडच्या औषधाच्या दुकानात डेनीस नावाच्या बाई होत्या; त्यांनी आधी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, साखर पाहिली, भुवया चढवल्या आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावला. मग खोकं पुढे ठेवलं. तेच नाव, तीच कंपनी. एल्डनने ते उलटसुलट करून पाहिलं.

"यात कमी काय आहे?"

"काहीच नाही."

"मग एवढं स्वस्त कसं?"

"इथे औषधाची किंमत किती चढू द्यायची, यावर सरकारची नजर असते," त्या म्हणाल्या. "शिवाय सगळे प्रांत मिळून कंपनीशी घासाघीस करतात. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कंपनी ऐकते. तुमच्याकडे अमेरिकेत जो तो विमावाला आपापला सौदा करतो, बंद दाराआड. त्याला मोठी सूट दाखवता यावी म्हणून छापील किंमत फुगत जाते. ज्याला विमाच नाही, त्याच्या वाट्याला ती फुगलेली किंमत येते. त्याच्या बाजूने भांडायला कोणीच नसतं."

"म्हणजे मी एकटाच भांडत होतो," एल्डन म्हणाला. "आणि मला ठाऊकच नाही!"

तो हसला. कितीतरी दिवसांनी.

डेनीसबाई मात्र हसल्या नाहीत. "इथेही सगळं सोनं नाही हो. काही नवी औषधं तुमच्याकडे आधी येतात. माझी आई अशाच एका औषधाची वाट बघत होती."

एल्डनने टोपी काढली. "आलं का ते?"

"आलं. पण तोवर आई राहिली नव्हती."

मग डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली मात्रा त्याने तिथेच खुर्चीत बसून टोचून घेतली. डेनीसबाईंनी त्याला निघू दिलं नाही. पुन्हा साखर पाहिली, तेव्हा कुठे सोडलं.

हळूहळू त्याची तहान ओसरली. दुपारी तो जागा राहू लागला, माझ्या विणकामातल्या चुका काढू लागला. होडीचं स्वप्न परत पडलं नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाला, "वळली नाही ते बरंच झालं गं."

हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीत शेजारची लोरेटा दम्याच्या फवाऱ्यासाठी येऊ लागली, मग गिरणीतले त्याचे दोन सोबती. एल्डन कुरकुरत सगळ्यांना पलीकडे नेतो. कोणी पेट्रोलचे पैसे पुढे केले की म्हणतो, "ठेव खिशात, नाहीतर पुलावर उतरवीन." परवा परतताना बर्फ पडत होतं. लोरेटा मागच्या सीटवर औषधाची पिशवी पोटाशी धरून, मोकळा श्वास घेत झोपली होती. एल्डनने रेडिओ बंद केला आणि गाडी अगदी हळू घेतली.