आमसुलांच्या तळाशी

मित्रांनो, बरण्या गप्प बसतात म्हणून त्या शांत असतात, असं समजू नका. मी एक जुनी चिनी मातीची बरणी, वरून तपकिरी, खालून पांढरी. यंदाच्या पावसाळ्यात माझा जीव दोन महिने नुसता खालीवर होत होता. एवढं मोठं तोंड असून मला एक शब्द बोलता येत नव्हता.

इंदुबाईने मला पेणच्या बाजारात घेतलं, तेव्हा ती नवी नवरी होती. तिचं घर खाडीकाठचं, मिठागरात राबणारं. माझ्यावर टिचकी मारून ती म्हणाली, "खणखणीत हाय." तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवते, वाळवते, पुन्हा बुडवते, पुन्हा वाळवते. मीठ मात्र मापून नाही. मिठागरवाल्यांनी मीठ मोजायचं म्हणजे कमीपणाच. "हात आखडला का बुरशी लागते," असं ती सांगते. माझ्यातलं आमसूल वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून पाहुण्यांनी माझं फार कौतुक केलं. पुढे मुलगा प्रणित रोह्याच्या कंपनीत लागला, सगळे तिथे जवळच वरसे गावी राहायला आले, आणि टेम्पोत माझ्या काठाचा टवका उडाला. मग मी ओट्याखाली गेले. कौतुक संपलं, काम चालू राहिलं.

आता अनिताचं सांगते. अनिता म्हणजे प्रणितची बायको. अंगाने भरलेली, हसरी, कामाला वाघीण. ह्या वैशाखात निडी गावी एका हळदीत ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि खुर्ची मोडली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवसापासून ती हसेनाशी झाली. मग मोबाइलवर कुठल्याशा बाईने तिला सांगितलं की कोकमात एक आम्ल असतं, त्याने चरबी वितळते, आणि डॉक्टरी गोळ्यांनी उलट अंग फुगतं.

अनिताला ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. तिने काय करावं? गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत गुंडाळल्या आणि माझ्या तळाशी, आमसुलांखाली दडपल्या. नवऱ्याने विचारलं की म्हणायची, "घेतली." आणि मूठभर आमसुलं पाण्यात भिजवून ते पाणी सकाळ, दुपार, संध्याकाळ प्यायची.

मला कळत होतं हो. ती आमसुलं नव्हती, इंदुबाईचं मिठागर होतं ते. आठ दिवसांनी वजनकाटा दोन किलो जास्त दाखवू लागला. अनिता रडली आणि तिने मुठीच्या दोन मुठी केल्या. पाय सुजले, पैंजण रुतायला लागले, डोकं ठणकायचं. "चरबी सुटताना असं होतं," ती लेकीला, ऋतुजाला सांगायची. मी आतल्या आत तडफडत होते. झाकण उघडलं की वाटायचं, आज तरी हात खोल जाऊ दे.

एरवी मी वर्षभर पुरते. आषाढ सरता सरता माझा तळ दिसायला लागला. इंदुबाईने बोंबलाच्या कालवणासाठी हात घातला आणि तिच्या बोटांना प्लास्टिक लागलं. पाच पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नाही. बाहेर अनिता डोकं धरून भिंतीला टेकली होती.

इंदुबाई ओरडली नाही. तिने गॅस बंद केला, ऋतुजाला रिक्षा आणायला सांगितली, सुनेला उठवलं आणि मला मांडीवर घेऊन बसली. रोह्यापर्यंत मी खड्ड्याखड्ड्याला तिच्या पोटावर आदळत होते.

प्रेशर एकशे ऐंशीच्या वर होतं. डॉक्टरांनी आधी अनिताला झोपवलं, औषध दिलं. मग तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं, माझ्यातलं एक आमसूल जिभेवर ठेवलं आणि त्यांचे डोळेच मिटले. "मीठ किती घालता ह्यात?"

"हाताला येईल तेवढं," इंदुबाई म्हणाली. नेहमीचा तोरा नव्हता.

"गोळी बंद, आणि वरून दिवसाला तीनदा हे पाणी. एवढ्या मिठाने प्रेशर चढतं, अंगात पाणी साठतं, ही सूज आणि वाढलेलं वजन त्याचंच. कोकमातल्या आम्लाचे प्रयोग झालेत, पण त्याने माणसाचं वजन उतरतं ह्याचा भरवसा नाही. वजनासाठी औषधं आहेत, तपासून देऊ. पण आधी हे प्रेशर. आणखी उशीर झाला असता तर अर्धं अंग गेलं असतं."

इंदुबाईने सुनेच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला. "का गो लपवल्यास? मला सांगायचं होतंस."

अनिता छताकडे बघत हळूच म्हणाली, "आय, त्या व्हिडिओत खुर्ची मोडल्यावर पयलं कोण हसलंय, ते ऐकलंत कधी?"

इंदुबाईला ते ठाऊक होतं. तिचं हसणं खणखणीत आहे, दहा बायकांत ओळखू येतं. तिने तोंडाला पदर लावला. "व्हय गो. मीच हसले," एवढंच म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

आता मी ओट्यावर असते. उरलेली आमसुलं इंदुबाईने काढून टाकली. तिच्या हाताला ते किती जड गेलं ते मी पाहिलंय. रोज सकाळी ती माझ्या झाकणावर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवते आणि अनिता गिळेपर्यंत तिथेच उभी राहते. दोघी फार बोलत नाहीत. अनिताच्या पायातले पैंजण पुन्हा सैल झालेत, पण ती अजून हसलेली नाही. म्हणून माझाही जीव अजून थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, माझ्यात आमसुलं ठेवा, लोणचं ठेवा. औषधं ठेवू नका, आणि डॉक्टरांना न विचारता बंदही करू नका. मनाला लागलेलं असेल ते घरच्या माणसाला सांगा. आणि तुमच्या घरी असं मनाला लावून घेतलेलं माणूस असेल, तर तुमचं हसणं आधी एकदा ऐकून घ्या.