तुम्हीच सांगा

"पुन्हा," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

काचेपलीकडे ताईने मान हलवली, तळहाताचा घाम पँटला पुसला आणि ड्रमच्या काठ्या उचलल्या. ही अकरावी वेळ होती. गाणं साडेतीन मिनिटांचं. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं ठाकठीक चाले आणि मग ठेका हळूहळू मागे पडू लागे, चढावर दमलेल्या सायकलसारखा. याही वेळी तसंच झालं. रेकॉर्डिस्टने हात वर केला. गिटार वाजवणारा चष्मिस भिंतीकडे बघत राहिला.

काचेच्या अलीकडे, बटणांच्या लांबलचक टेबलाशी तिघं होते: रेकॉर्डिस्ट, रेकॉर्ड कंपनीचे साहेब आणि ताईची धाकटी, गाणारी बहीण भोंगा. साहेबांनी खुर्ची भोंगाकडे वळवली.

"हे बघ, तुझा आवाज उत्तम आलाय. गिटारही चालून जाईल. पण ड्रमला आपण दुसरा माणूस घेऊ. फक्त रेकॉर्डपुरता. आजच बोलावतो. तिला तू सांगतेस की मी सांगू?"

ताई पहाटे तीनला उठली होती. बेकरीची गाडी घेऊन तिने सत्तावीस दुकानांत पाव टाकला होता, आणि रिकामे ट्रे तसेच गाडीत ठेवून ती थेट स्टुडिओत आली होती. 'ती दमलीय, उद्या परत करून बघू' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते भोंगाच्या जिभेवर आलंही होतं. पण उद्या साहेबांचं मन फिरलं तर? उद्या त्यांना आवाजही नकोसा झाला तर?

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

साहेब उठायच्या आतच काचेमागचं दार उघडलं. ताई काठ्या बगलेत धरून बाहेर आली. "साहेब, माझ्याच्यानं आज काही होत नाही. कोणी दुसरा असेल तर बघा ना. मला गाडी धुऊन परत द्यायचीय." मग बहिणीच्या टाळूवर एक टपली मारून म्हणाली, "नीट गा गं. घसा बसला तर मध चाट, नखरे करू नकोस."

आणि ती गेली. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भोंगाला वाटलं, आपलं नशीब जोरावर आहे. सांगायची वेळच आली नाही.

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत हजेरीला ती "हजर" म्हणाली की शेजारच्या वर्गातली दोनतीन पोरं उभी राहायची, म्हणून मास्तरांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे पोस्टरवरही तेच छापलं गेलं.

ती आठ वर्षांची असताना आई गेली. ताई तेव्हा चौदाची. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशीही कोणी ना कोणी अडकलेलं असायचं, त्यामुळे ते दोघी मुलींना बरोबर घेऊन जात. एका नऊमजली इमारतीच्या गच्चीवर मोटरची खोली होती. जाड केबल, ग्रीसचा वास, आणि लिफ्ट हलली की कान बधिर करणारी घरघर. ताईने तिथे ग्रीसचे रिकामे डबे उलटे मांडले आणि दोन पान्यांनी बडवायला सुरुवात केली. धाकटीला म्हणाली, "तू गा."

"ऐकू कसं येणार?"

"मोटरच्या वर आवाज काढ. मोटरला हरवलंस तर माणसं काय चीज आहेत."

धाकटीने आवाज काढला. पहिल्या वर्षी मोटर जिंकली. दुसऱ्या वर्षी सातव्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन वर आल्या. वडिलांनी त्यांची माफी मागितली आणि खाली उतरताना मुलींना म्हणाले, "सातव्यापर्यंत गेला म्हणजे बराच गेला."

ताईने कॉलेज सोडून बेकरीची गाडी धरली. हप्त्याहप्त्याने खरा ड्रमसेट आणला. तिच्या वर्गातला चष्मिस गिटार घेऊन आला. बँडचं नाव ठेवलं 'मोटर'. कामगारांच्या क्लबात, सायकलींच्या शर्यतीत, एकदा तर फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला, जिथे बोलावतील तिथे ते वाजवत. गाडीतले ट्रे काढायचे, ड्रम चढवायचे. वाजवून झालं की ड्रम काढायचे, ट्रे चढवायचे. भोंगाच्या कपड्यांना कायम पावाचा वास येई. असं पाच वर्षं चाललं, आणि मग एका दुपारी कंपनीचे साहेब क्लबात चहा प्यायला थांबले.

रेकॉर्ड निघाली. लिफ्टवरचं गाणं गाजलं. कार्यक्रमांना आणखी चार महिने ताईच ड्रमवर होती. घरी सराव करून करून तिने ते दुसरं कडवं घोटून घेतलं होतं. मग मोठ्या दौऱ्याचे, गळ्यात अडकवायचे पास आले, सोबत नावांची यादी. पाकीट ताईनेच फोडलं, कारण ती दाराजवळ बसली होती. तिने कागद दोनदा वाचला.

"माझं नाव नाही यात."

"टायपिंगची चूक असेल," चष्मिस म्हणाला.

"चूक इतकी नेमकी नसते रे." तिने पास वाटले, ज्याचा त्याच्या हातात दिला. भोंगाचा देताना म्हणाली, "दोरी छान आहे. गळ्यात घालून झोपू नकोस, आवळेल."

भोंगा हसली. आपण काय बोलणार, निर्णय कंपनीचा, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते इतक्या सहज पटलं की तिलाच नवल वाटलं.

नवल वाटायचं ते बहुधा शेवटचंच. त्यानंतर काही वाटेनासंच झालं. दातांचे डॉक्टर सुई टोचतात तेव्हा ओठ आपलाच असतो, पण हाताला परका लागतो. तसं तिचं सगळं अंग झालं होतं. ती स्टेजवर जाई, जिथे उडी मारायची तिथे उडी मारी, जिथे माइक गर्दीकडे धरायचा तिथे धरी. हजारो माणसं तिच्या ओळी पाठ म्हणत. ती मनात म्हणे, दोन गाणी राहिली. एक राहिलं. मागे नवा ड्रमर घड्याळासारखा वाजवत असे. त्याचा ठेका कधीच पडला नाही. तो सभ्य होता, तिच्यासाठी पाण्याची बाटली उघडून ठेवायचा. दोन वर्षांत तिने त्याला घरी कोण असतं एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

एका मासिकाने मुलाखत घेतली. "सुरुवात कशी झाली?" कंपनीच्या प्रसिद्धीवाल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, गोष्ट एकटीची असली की लोकांच्या मनात बसते. तिने मोटरची खोली सांगितली, ग्रीसचा वास सांगितला, सातव्या मजल्यावरच्या बाईही सांगितल्या. "आणि मी तिथे एकटीच गात बसायचे," असं म्हणाली. वाक्य तोंडातून गेलं आणि तिने पुढच्या प्रश्नासाठी मान वर केली.

आठवड्याने वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"वाचलं मी," ते म्हणाले. "फोटो बरा आलाय."

"हो."

"खोलीत एकटी नव्हतीस तू. तुला ठाऊक आहे म्हणा. आपलं सहज बोललो." आणि त्यांनी गुडघेदुखीचं सांगायला घेतलं.

त्यानंतर दौऱ्यात एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा ती गावी गेली. घरी न जाता, सकाळी दहाला बेकरीच्या मागच्या आवारात जाऊन उभी राहिली. ताई दुसऱ्या फेरीचा माल भरत होती. कानाजवळ केस पिकले होते. तिने भोंगाला पाहिलं, पण हातातले ट्रे आधी जागेवर सरकवले.

"वाळलीस की. खातेस का काही?"

"खाते." भोंगाने गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. पुढचं तिने रस्ताभर घोकलं होतं. "ताई, त्या दिवशी स्टुडिओत... साहेबांनी मला विचारलं होतं. तू दमलीयस, पहाटेपासून जागी आहेस, एवढंच सांगायचं होतं मला. मी सांगितलं नाही."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"माझ्या कानाला हेडफोन होता. रेकॉर्डिस्टने आमच्याशी बोलायचं बटण दाबलेलंच ठेवलं होतं." ताईने आणखी एक ट्रे उचलला. "तुम्हीच सांगा, म्हणालीस. ऐकलं मी. म्हटलं, हिच्यासमोर ते मला सांगणार, म्हणजे हिचंच तोंड पडणार. त्यापेक्षा आपणच बाहेर यावं."

भोंगा तशीच उभी होती. आता रडू येईल असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. आलं नाही.

"तुला राग नाही आला?"

"आला ना. चांगला वर्षभर होता. मग ड्रमसेट शाळेला देऊन टाकला, खोलीत जागा झाली." ताईने हात झटकले. "बस गाडीत. तेरा दुकानं राहिलीत. तिथे उभं राहून काय बेकरीची राखण करणार आहेस?"

ती बसली. पहिल्या दुकानात ताईने तिच्या हातात एक ट्रे दिला. "सपाट धर." चौथ्या दुकानापर्यंत तिचे दंड भरून आले. ते दुखणं तरी आपलं आहे हे तिला कळत होतं, म्हणून ती मुकाट्याने ट्रे उचलत राहिली.

पाचव्या दुकानातल्या तरुणाने तिला ओळखलं. गल्ल्यामागून बाहेर येऊन त्याने तिच्याबरोबर फोटो काढला, मग आणखी एक काढला. ताई दोघांना वळसा घालून ट्रे आत नेऊन ठेवत होती, रिकामे बाहेर आणत होती. तिने शेवटचे दोन उचलले आणि ती बाहेर पडली.

"ह्या तुमच्या ड्रायव्हर का?" तरुणाने विचारलं. "रोज पाव टाकतात इथे. बोलल्या नाहीत कधी."

"माझी ताई आहे," भोंगा म्हणाली. "बँड तिचा. ड्रम ती वाजवायची. मला गायला तिनं शिकवलं."

"असं होय," तो म्हणाला. फोटो नीट आलाय का ते तो बघत होता.

बाहेर ताई गाडीचं मागचं दार लावत होती. ते एका झटक्यात बसत नसे. तिने खांदा लावून ते रेटलं, पुन्हा रेटलं, बसलं की नाही ते हाताने ओढून पाहिलं, आणि दुकानाकडे न बघता पुढे जाऊन बसली.