परक्या लिंबाचा डोळा

थोरलीच्या रोपवाटिकेत लिंबाचं एक जुनं झाड होतं, आणि त्या झाडात तिचा जीव अडकलेला होता. लग्न होऊन आली तेव्हा तिनंच ते लावलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि त्याच्या काड्यांवरचे डोळे, फुटायच्या बेतातले कोंब, काढून कलमं बांधता बांधता हातांवर काट्यांची नक्षी उठवून घेतली. थोरलीचं लिंबू म्हटलं की गिऱ्हाईक भाव करायचं विसरे.

कुंपणापलीकडे धाकट्या जावेची रोपवाटिका. वाटणीत जमीन सारखी आली, पाणीही सारखं आलं. नशीब तेवढं धाकटीनं आपल्याकडे जास्त ओढून घेतलं, असं थोरलीचं ठाम मत होतं.

धाकटी एकदा सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे गेली आणि परतताना कपड्यांच्या घडीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, एक रोप घेऊन आली. ना परवाना, ना तपासणी. रोप वाढलं, फळलं. हिरव्या सालीवर पिवळे पट्टे, आत एक बी नाही.

"अगं बाई, लिंबू म्हणायचं का चेंडू!" शिवणकाम करणारी बाई कुंपणापलीकडून हरखून ओरडली. इतकी वर्षं ती थोरलीकडे यायची.

"आमचं आपलं नुसतं आंबट हो," थोरली अलीकडून म्हणाली. "लिंबाचं तेवढंच काम असतं."

ती खुरपं चालवू लागली, पण मनात ओळी फेर धरत होत्या:

माझ्या दारीचं लिंबू, त्याच्या काट्यांनाच धार,
तिच्या दारीच्या लिंबाला पाखरांचा गं भार.

असूयेला दार लागत नाही, ती कुंपणावरून येते. एका दुपारी धाकटी बाजारात गेलेली पाहून थोरली पलीकडे उतरली. पट्टेरी लिंबाची एक काडी कापली, तिच्यावरचा टपोरा डोळा सालीसकट अलगद काढला आणि आपल्या झाडाच्या फांदीला चीर देऊन त्यात बसवला. वरून पट्टी आवळली. डोळा जगला, फुटला. थोरलीला पाखरासारखं हलकं वाटलं. पण कोवळी पानं उलगडली ती अंगावर तपकिरी, खरखरीत ठिपके घेऊनच. खैऱ्या रोग! तिनं पलीकडे मान उंचावली. तिथंही तेच.

आधी तिनं कपाळावर हात मारला, आणि मग, खोटं कशाला बोला, मनात गुदगुल्या झाल्या. हिचं झाड रोगट! तिनं आपली ती फांदी बुडापासून कापली, शेगडीत घातली, जखमेवर मेण लावलं. फांदी गेली म्हणजे कलम गेलं, कलम गेलं म्हणजे पाप गेलं, असा कलमवालीचा सरळ हिशेब. आणि पीकसंरक्षण कार्यालयात जाऊन धाकटीची तक्रार करून आली.

निरीक्षकबाई आल्या. फाटकाशी औषधाच्या पाण्यात बूट बुडवले, मगच आत पाऊल टाकलं. पानं उलटीपालटी करून पाहिली.

"परवान्याशिवाय आणलंत?"

"एक रोप तर होतं," धाकटी रडवेली झाली. "सोनं थोडंच आणलं चोरून!"

"सोन्याला खैऱ्या होत नाही, बाई. दंड भरावा लागेल, आणि झाड मुळासकट जाळावं लागेल. आता खरं सांगा. याचा डोळा कुणाला दिलात? दिला असेल तर तेही झाड जाईल. नुसती फांदी तोडून भागत नाही, ठिपके दिसायच्या आधीच रोग पसरलेला असतो. आणि लपवलंत नि मागून कळलं, तर परवाना रद्द आणि वर कैद."

कुंपणाशी उभ्या थोरलीनं मागं वळून पाहिलं. तिचं झाड वाऱ्यावर डुलत होतं, पान न् पान स्वच्छ दिसत होतं.

धाकटीची नजर त्या झाडावर गेली, मेणाच्या ठिपक्यावर थांबली.

"कुणाला नाही दिला," ती म्हणाली. "आमच्या ताईंच्या लिंबापुढं याला विचारतो कोण!"

निरीक्षकबाई धाकटीच्याच वाफ्यातली दुसऱ्या टोकाची रोपं बघायला वळल्या, तशी धाकटी कुंपणाशी आली.

"ताई, पट्टी पाहिली होती मी. तुमच्या हातची गाठ मला कळत नाही होय? तुम्हीच तर शिकवलीत. तक्रार कुणाची तेही कळलं. पण आता गप्प बसा. घरात एक तरी लिंबू राहू दे."

थोरलीला चटका बसला. शिवी दिली असती तर सोसली असती. चांगुलपणातही हिनंच बाजी मारायची? आणि उद्या लबाडी उघडी पडून ही कैदेत गेली, तर सगळा गाव हिचेच गोडवे गाणार, आणि आपण आयुष्यभर हिच्या उपकाराच्या सावलीत लिंबं तोडायची! छे, त्यापेक्षा झाड गेलेलं पुरवलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत निघाला.

"अहो बाई! डोळा मी घेतला. न विचारता, चोरून. हिला बोल लावू नका."

"ताई!"

"तू गप्प. दर वेळी तूच पुढं?"

निरीक्षकबाईंनी दोघींकडे पाहिलं. "स्वतःहून सांगितलंत, म्हणून दंड हलका होईल. झाड मात्र वाचणार नाही, आणि बंदी उठेपर्यंत दोघींनीही इथं लिंबू लावायचं नाही."

करवत चालली. दोन्ही झाडं एकाच खड्ड्यात पेटली, ओला पाला तडतडला, लिंबाचा वास गल्लीभर पसरला. शिवणकामवाली धावत आली आणि आधी धाकटीलाच जवळ घेऊन बसली. थोरलीनं ते पाहिलं. रडणंसुद्धा हिला शोभून दिसतं, तिच्या मनात आलं, आणि ती एकटीच धुराकडे तोंड करून उभी राहिली.

थोड्या वेळानं धाकटी उठून तिच्या शेजारी आली. तिचं नाक लालबुंद झालं होतं.

"ताई, लिंबावरची बंदी उठली, की पहिलं झाड कुठं लावायचं?"

"माझ्या बाजूला," थोरली ताडकन म्हणाली.