निळी स्लाइड

काकांनी कुकरमध्ये पाणी ओतलं, द्रावणाचा डबा आत ठेवला, डब्यात एकुलती एक स्लाइड उभी केली आणि झाकण फिरवून शिटी बसवली. कुकर बाजारातून आणलेला, तीन लिटरचा, काळ्या मुठीचा. पण त्यात कधी डाळ शिजली नव्हती. तो होता रुग्णालयाच्या तपासणी विभागात, गॅसच्या छोट्या शेगडीवर, आणि त्यात शिजायच्या त्या काचेवर चिकटवलेल्या, माणसांच्या गाठींच्या चकत्या. गाठीचा तुकडा आधी औषधात मुरवून मेणात बसवतात. त्या खटाटोपात आतली प्रथिनं आखडून जातात. पुरा दाब चढल्यावर तीन मिनिटं वाफेत उकळली की ती सैल होतात, आणि मगच त्यांच्यावर रंग चढतो. तीन म्हणजे तीन. अडीच नाहीत आणि साडेतीनही नाहीत. हे काकांनी चौतीस वर्षांत इतक्या जणांना शिकवलं होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

"काका, त्या नव्या डॉक्टर मॅडम तुमच्या कन्या ना?" रसायनं पुरवणाऱ्या कंपनीचा विक्रेता टेबलापलीकडून म्हणाला.

झालं! काकांना एवढंच हवं होतं.

"माझीच," ते म्हणाले, आणि हातमोजे काढून नीट खुर्चीत बसले. "पाच महिने झाले इथं लागून. आणि आज साहेबांनी पहिली केस एकटीच्या सहीवर दिलीय. एकटीच्या! नाहीतर दोन वर्षं कुणाला सही करू देत नाहीत."

"वा!"

"वा काय वा! अहो, शाळेत असताना ही इथं यायची डबा द्यायला. स्टुलावर चढून मायक्रोस्कोपात बघायची. मी म्हटलं, काय दिसतं? म्हणाली, बाबा, गर्दी दिसते. सात वर्षांची होती!"

कुकरनं आवाज धरला. काका पहिल्या परीक्षेवरून दुसऱ्या परीक्षेवर आले, दुसरीवरून सुवर्णपदकावर. विक्रेता बिचारा मान डोलवत होता, त्याला ऑर्डर हवी होती. सुवर्णपदकाच्या मध्यावर कधीतरी काकांच्या हातानं सवयीनं गॅस बंद केला. भिंतीवरचं घड्याळ डोक्यावरच होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

काकांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक लेक. दुसरी म्हणजे विभागातली चुकांची वही. स्लाइड फुटली, रंग बिघडला, नंबर उलटसुलट झाला, काहीही चुकलं की त्या वहीत तारीख, चूक आणि चुकणाऱ्याचं नाव लिहायचं, खाली चूक पकडणाऱ्याची सही आणि चुकणाऱ्याची सही. सगळ्यांची नावं त्यात होती. साहेबांचंही दोनदा होतं. काकांचं नव्हतं. नवा माणूस आला की ते वही त्याच्यापुढे टाकायचे. "शोध माझं नाव. सापडलं तर महिनाभर चहा माझा." निवृत्तीला आता दोन महिने उरले होते आणि चहा काही कुणाला मिळाला नव्हता.

कामावर लेक त्यांना सगळ्यांसारखं काका म्हणायची आणि ते तिला मॅडम म्हणायचे. हे तिनंच ठरवलं होतं. काकूंना ऐकून हसू आवरलं नव्हतं.

आजची केस चार वर्षांच्या मुलीची होती. मूत्रपिंडात गाठ. साध्या रंगात पाहिल्यावर ती दोन प्रकारांपैकी कुठलीही असू शकत होती. एक प्रकार औषधांना दाद देणारा, त्यातली बहुतेक पोरं बरी होऊन घरी जातात. दुसरा महाभयंकर, त्यावरची औषधंही तितकीच जहाल. हृदयाला, कानांना, सगळ्यालाच झळ लावणारी. कुठला ते ठरणार होतं एका प्रथिनावरून.

ते प्रथिन काकांना पुस्तकातून नव्हे, स्वयंपाकघरातून ठाऊक होतं. परीक्षेच्या दिवसांत लेक ओट्याशी उभी राहून मोठमोठ्यानं पाठ करायची. पेशीच्या केंद्रकात पुरुषभर लांबीचा धागा असतो, रिळांवर गुंडाळून कोंबलेला. सगळी जनुकं त्या धाग्यावर. हे प्रथिन आपल्या सोबत्यांना घेऊन ती रिळं सरकवतं, कुठला भाग उघडायचा आणि कुठला झाकून ठेवायचा ते बघतं.

"म्हणजे घरातली बाईच की," काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या होत्या. "कुठलं गाठोडं सोडायचं नि कुठलं बांधून माळ्यावर टाकायचं हे तिलाच कळतं. आणि ती नसली तर?"

"तर जे बांधलेलं हवं ते सुटतं, आणि हवं ते सापडत नाही. पेशीला थांबायचं कळत नाही. ती वाढतच सुटते. कॅन्सर होतो, आई."

"ऐकलंत?" काकू नवऱ्याकडे वळून म्हणाल्या होत्या. "मला जपा."

स्लाइडवर हे प्रथिन असलं की केंद्रकं तपकिरी दिसतात. नसलं की नुसती निळी. एवढाच काय तो खेळ.

साडेतीनला काकांनी रंगवलेली स्लाइड लेकीच्या खोलीत नेऊन दिली आणि कामाचा काही तरी बहाणा काढून दाराशीच रेंगाळले. पहिली सही होताना बघायची होती, दुसरं काय! तेवढ्यात साहेब आत आले. वॉर्डातून दोनदा फोन आला होता. त्यांनी उभ्या उभ्याच मायक्रोस्कोपात डोळा घातला.

"निळंच आहे सगळं. गेलं प्रथिन. साध्या रंगातही तसंच वाटत होतं मला. कर सही. चारला त्यांची बैठक आहे, औषधं आजच सुरू करायची म्हणतायत."

लेकीनं पेन उचललं नाही. तिनं पुन्हा एकदा स्लाइड सरकवली, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"सर, ही रक्तवाहिनी बघता?"

"काय तिचं?"

"तिची भिंतही निळी आहे. आणि बाजूच्या या पांढऱ्या पेशी. त्याही निळ्या. या तर गाठीतल्या नाहीत, निरोगी आहेत. त्यांच्यात हे प्रथिन असायलाच हवं. त्या तपकिरी असत्या आणि गाठ निळी असती, तर मी डोळे मिटून सही केली असती. इथं साक्षीदारच मुके आहेत, सर. या स्लाइडवर रंग चढलेलाच नाही."

साहेब पुन्हा वाकले. या वेळी खुर्ची ओढून बसले.

दाराशी काकांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं. वाघीण आहे वाघीण! साहेबांच्या तोंडावर सांगितलं. एवढी मोठी मोठी माणसं निळं दिसलं की निळं म्हणून मोकळी होतात, हिनं रक्तवाहिनी पाहिली. आणि त्या आनंदाच्या भरात त्यांना एकदम लख्ख आठवलं की स्लाइड आपली आहे.

"काका," लेकीनं मान वळवली. "ही स्लाइड कुणी केली?"

तिला माहीत होतं. काचेच्या कोपऱ्यात काकांची खूण कोरलेली होती. पण ती विचारत होती, आणि साहेब ऐकत होते.

"मी केली, मॅडम."

"कुकर किती मिनिटं दिला?"

तीन म्हणायला काय जात होतं? जीभ तयारच होती. शिवाय रंगाची बाटली कालच उघडलेली, विक्रेता अजून बाहेर बसलेला. त्याच्या गळ्यात घातलं असतं तर तोही मुकाट्यानं नवी बाटली देऊन गेला असता. काकांनी हात मागे बांधले.

"ठाऊक नाही. घड्याळ बघितलं नाही मी."

"का?"

"बोलत बसलो होतो."

"कुकर चढवून? कशाबद्दल?"

काकांनी खाली पाहिलं. "तुमच्याबद्दल, मॅडम."

साहेबांनी छताकडे बघून घेतलं. लेकीचे कान लाल झाले, पण नजर हलली नाही.

"आणि सोबत तपासणीची चकती लावली होती?" ही चकती निरोगी मांसाची; तिच्यावर रंग चढलाच पाहिजे, नाहीतर काम चुकलं समजायचं.

"सकाळी सगळ्या स्लाइड चांगल्या आल्या होत्या. एकीसाठी पुन्हा काय लावायची, म्हटलं."

"नवीन काप घ्या. चकती लावून. ठोकळ्यात किती माल उरलाय?"

"दोन कापांपुरता. फार तर तीन."

"मग जपून," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

वॉर्डातले डॉक्टर इतक्या मोठ्यानं बोलत होते की दारापर्यंत ऐकू येत होतं. तीन तास? काय चाललंय काय तुमच्याकडे? त्या मुलीच्या आईबापाला काय सांगू? लेक ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, सातला नक्की सांगतो. चारला चुकीचं सांगण्यापेक्षा ते बरं. हो, जबाबदारी माझी."

काका यंत्राशी बसले. मेणाचा ठोकळा बर्फावर गार केला, पातं बदललं, चाक फिरवायला घेतलं. पहिला काप चुरगळला. दुसरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा अलगद सुटला. तो त्यांनी कोमट पाण्यावर तरंगवला आणि श्वास धरून काचेवर उचलला. चौतीस वर्षांत हजारो उचलले असतील. तरी या एकाला मानेवर घाम फुटला. शेजारी तपासणीची चकती बसवली. मग कुकर. विक्रेता निरोप घ्यायला आला, "येतो, काका" म्हणाला, पुन्हा एकदा म्हणाला, आणि पाय न वाजवता निघून गेला. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून उभे होते. दाब चढला. एक. दोन. तीन.

साडेसहाला लेकीनं ती स्लाइड मायक्रोस्कोपाखाली सरकवली. आधी तपासणीची चकती. मग रक्तवाहिनी. मग गाठ. काका आणि साहेब दोघंही तिच्या मागे उभे होते.

"काका, या," ती उठून म्हणाली. "बघा."

रक्तवाहिनीची भिंत तपकिरी होती. पांढऱ्या पेशी तपकिरी. आणि त्यांच्या पलीकडे दाटीवाटीनं बसलेली गाठ, तिचं एकूण एक केंद्रक तपकिरी. प्रथिन जागच्या जागी होतं. हा दुसरा आजार नव्हताच. पहिला होता, बरा होणारा.

साहेबांनी बघितलं आणि चष्मा काढला. "मी सही केली असती," ते म्हणाले. "चारलाच."

तिनं अहवाल लिहिला, सही केली, वॉर्डात फोन केला. पलीकडचे डॉक्टर या वेळी ओरडले नाहीत. "थांबवलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर तिनं पाण्याचा पेला उचलला. दोन्ही हातांनी धरून प्यायली. काकांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मग तिनं कपाटातून वही काढली.

"अगं, राहू दे," साहेब म्हणाले. "दोन महिने राहिलेत त्यांचे. चूक सापडली, सुधारली, पोरीचं भलं झालं. कुकरची शिटी बिघडली होती असं लिही."

"शिटी चांगली आहे, सर."

"चौतीस वर्षांत एक डाग नाही गं."

तिनं पेन टेकवलं आणि थांबली. तेवढीच काय ती थांबली. बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती. काकांनी काही खूण केली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. तिचं तिला ठरवू दिलं. तिनं खाली मान घालून तारीख लिहिली, मग पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, आडनावासकट, आणि चूक लिहिली. सही करून वही त्यांच्याकडे फिरवली. काकांनी तिच्या सहीशेजारी आपली सही केली.

ती वॉर्डात गेली, मुलीच्या आईवडिलांशी बोलायला. काका एकटेच घरी आले. काकूंनी दार उघडताच त्यांनी चपला काढायच्या आधी फोन पुढे केला.

"बघ. फोटो काढून आणलाय."

"बक्षीसबिक्षीस मिळालं की काय?" काकूंनी चष्मा चढवला आणि बोट ठेवून वाचायला घेतलं. "'दाब चढल्यानंतरची वेळ मोजली नाही. तपासणीची चकती लावली नाही. स्लाइड रद्द.' अहो, पण हे तर तुमचं नाव! चुकांच्या वहीत? आता शेवटी शेवटी? कोण मेला हा लिहिणारा?"

"सही वाच."

काकूंनी वाचली. पुन्हा वाचली. मग मटकन खुर्चीत बसल्या.

"पोटच्या पोरीनं?"

"साहेब नको नको म्हणत होते. तरी लिहिलं," काका म्हणाले. "आधी साहेबांची चूक पकडली, मग माझी. एका दिवसात दोघांची! चार वर्षांची पोर वाचली त्यात. तुला सांगतो, दुसरं कुणी असतं ना, तर निळं म्हणून मोकळं झालं असतं."

काकूंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि सहीवर आणून ठेवला.

"दे इकडं तो फोन," काका म्हणाले.

"आता आणि कुठे निघालात? जेवायचं नाही?"

"आलोच. शेजाऱ्यांना दाखवून येतो."