लाडवांचं ताट

एडवणच्या बळवंत राऊतला पंगतीत वाढताना ज्यानं पाहिलं नाही, त्यानं काय पाहिलं? माणूस चिकूच्या वाडीत राबणारा, पण लग्नसराई आली की पार नवापूरपर्यंतची बोलावणी यायची. वरणाचं भांडं डाव्या हातात, पळी उजव्या हातात, आणि चालणं थांबवायचं नाही. वरण पडायचं ते मुदीच्या बरोबर मधोमध. पानाबाहेर थेंब जाईल तर शपथ. आणि आग्रह असा, की पोटावरून हात फिरवणारे म्हातारेसुद्धा त्याचं ‘एक तरी घ्या’ ऐकून पानावरचा हात काढायचे.

त्याच उजव्या हाताला आता कंपवात लागला होता. गोळ्या चालू होत्या, पण हात काही स्थिर राहत नव्हता. बळवंतनं त्यावर आपल्या परीनं उपाय काढला: माणसांत जेवायचंच नाही. बारसं असो की पूजा, जायचं, आहेर द्यायचा आणि पोट बरं नाही म्हणून घरी यायचं. घरीसुद्धा तो दाराकडे पाठ करून जेवायचा. त्याची बायको शैला कप अर्धाच भरायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही.

असंच निभावून गेलं असतं, पण मुलीचं लग्न ठरलं. रूपल तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. तोंडानं फटकळ, पण बापावर भारी जीव. मुलीच्या बापानं लाडवांचं ताट घेऊन पंगतीतून फिरायचं, पानापानाशी वाकून आग्रह करायचा, ही एडवणकडची रीत. बळवंतनं सरळ सांगून टाकलं की ताट पुतण्या फिरवेल, शैलेश. रूपलनं विनवण्या केल्या, रडली, अबोला धरला. हा आपला ढिम्म. शेवटी ती आईला म्हणाली, “बाबा फिरणार नसतील तर मला पंगतच नको. बुफे ठेवा.”

शैलाच्या काळजात ते रुतलं. बळवंत राऊतच्या मुलीच्या लग्नात बुफे! गाव काय म्हणायचं ते म्हणो, पण मुलीनं त्या दिवशी बापाकडे पाठ फिरवली, तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही, हे तिला कळत होतं.

तिनं मग डोकं चालवलं. नवऱ्याला लाज वाटते ती ओळखीच्यांची. हात आधी कसा होता हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासमोर तो दाखवायचा नाही. पण जिथं काळं कुत्रं ओळखत नाही, तिथं नेऊन बसवला तर? एकदा चार माणसांत घास तोंडात गेला की पुढचं पुढं. रूपलला ते पटलं. कंपनीच्या लोकांबरोबर ती एकदा मुंबईतल्या एका जुन्या, बड्या हॉटेलात गेली होती. नाताळात तिथं दुपारच्या चहाचा मोठा थाट असतो म्हणे. लग्नाआधी आईबाबांना माझ्याकडून मेजवानी, असं तिनं जाहीर केलं. एका गोष्टीला नाही म्हणून बसलेल्या बळवंतला दुसऱ्यांदा नाही म्हणवेना.

हॉटेल इंग्रजांच्या काळातलं. छत एवढं उंच की वर बघताना मान दुखावी. दाराशी नाताळचं झाड, कोपऱ्यात एक बाई पियानो वाजवत होती. टेबलं खिडकीच्या कडेनं एका ओळीत मांडलेली, आणि ह्यांचं टेबल ओळीच्या अगदी तोंडाशी. बळवंत दोन्ही हात मांडीवर दाबून बसला. तेवढ्यात रूपलला होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला आणि ती बोलायला बाहेर गेली.

ती गेली न गेली तोच वेटर आला आणि एक तीन मजली ताट टेबलावर ठेवून गेला. खाली चौकोनी सँडविचं, मध्ये फुगीर बिस्किटांसारखं काहीतरी, वर रंगीबेरंगी केक. बळवंतनं शैलाकडे बघितलं, शैलानं बळवंतकडे. तीन माणसांना एवढं? छे, हे सगळ्या ओळीचं असणार. पहिल्या पानावर बसलेल्यानं आपल्यापुरतं घ्यायचं आणि भांडं पुढं सरकवायचं, हे काय कोणी शिकवायला हवं? शेजारच्या टेबलावर एक पारशी आजीबाई सुनेबरोबर बसल्या होत्या आणि त्यांच्या बशा अजून कोरड्या होत्या. बळवंतला ते बघवेना. दुसऱ्याचं पान रिकामं दिसलं की ह्या माणसाचा जीव वरखाली व्हायचा.

त्यानं तिघांच्या बशांत एकेक जिन्नस ठेवला, ताटाचा दांडा डाव्या हातात धरला आणि उठला. शैलानं थांबवलं नाही, कारण तिलाही तेच बरोबर वाटत होतं.

“घ्या आजी,” तो वाकून म्हणाला. “एक तरी घ्या.”

त्या आवाजानं शैलाच्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी ऐकत होती ती तो आवाज! पण हात काही आवाजाचं ऐकेना. केक चिमटीत थरथरला आणि टेबलावर पडला. दुसरा उचलला, तोही डगमगायला लागला. आजीबाई गोंधळल्या होत्या, पण क्षणभरच. त्यांनी बशी उचलून त्याच्या हाताखाली धरली. हात जाईल तिकडे बशी. केक बशीत पडला. मग त्यांनी सुनेची बशीही तशीच पुढं केली.

एवढ्यात वेटर धावत आला. हे तुमच्याच टेबलाचं आहे, असं त्यानं अदबीनं हिंदीत सांगितलं आणि ताटाला हात घातला. बळवंत जागच्या जागी थिजला. आजूबाजूच्या माना वळलेल्या. शैलाला वाटलं, संपलं सगळं. आता हा घरातसुद्धा जेवायचा नाही, आणि आणलं कोणी इथं? मीच.

रूपल फोन संपवून दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती भराभर आली आणि वेटरच्या आणि बापाच्या मध्ये उभी राहिली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “वाढू द्या त्यांना.”

वेटर मागं सरला. बळवंतनं एकदा मुलीकडे पाहिलं आणि तो पुढच्या टेबलाकडे वळला. तिथं त्याच्या हातून सँडविच निसटलं, त्यानं दुसरं घेतलं, वाढलं. कोणी हसलं, कोणी कौतुकानं दोन घेतली. ताट रिकामं झालं तेव्हा तो परत येऊन बसला, आणि आजीबाईंनी आपलं नुकतंच आलेलं भरलेलं ताट सुनेच्या हाती त्याच्याकडे पाठवलं. वेटरनं कप काठोकाठ भरला. बळवंतनं तो दोन्ही हातांनी उचलला. निम्मा चहा बशीत सांडला, तो त्यानं बशीतून प्यायला, सगळ्यांदेखत.

परतताना भाड्याच्या गाडीत रूपल पुढं बसली होती आणि आरशातून सारखी मागं बघत होती. बापाचा अपमान झाला की काय, ह्या धास्तीनं तिचा चेहरा उतरला होता. वरई फाट्याला गाडी हमरस्ता सोडून सफाळ्याकडे वळली, तेव्हा बळवंत खाकरला.

“शैलेसला सांग, ताट मी फिरवनार हाय.”

रूपलनं आरशातून नजर काढली आणि ओढणी डोळ्यांना लावली. शैलालाही भरून आलं, पण नवऱ्याचं अजून बोलून झालं नव्हतं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

“लाडू मात्र जरा मोटे वळ,” तो तिला म्हणाला. “बारके माज्या हातातनं सुटतात.”

“वळते,” शैला म्हणाली.